पॉलिकार्बोनेटचे वय : काचरूप पॉलिमरवरील प्रकल्पाच्या नोंदी

५ फेब्रुवारी २०२४

भोसरीतील एका लघुउद्योजकाने आणलेल्या, पॉलिकार्बोनेट या पारदर्शक प्लास्टिकच्या झाकणांपासून या प्रकल्पाची सुरुवात होत आहे. यंत्राच्या फिरत्या भागांवर बसणारी ही झाकणे मोल्डिंगनंतर १२० अंश सेल्सिअसला ओव्हनमध्ये ठेवली जातात, कारण मोल्डिंगच्या वेळी आत अडकलेली प्रतिबले (पदार्थाच्या आतील ताण व दाब) सैल झाली नाहीत, तर ग्रीस किंवा सफाईचे द्रावण लागताच स्क्रूच्या छिद्रांभोवती बारीक तडे जातात. उपाय योग्य होता आणि तडे थांबलेही. आता मात्र तीच झाकणे पान्याचा फटका बसला की स्क्रूच्या कोपऱ्यापासून काचेसारखी फुटतात, आणि नमुना ओढून ताकद मोजणाऱ्या तन्यता चाचणीच्या अहवालात ओव्हनमधून निघालेल्या झाकणाची ताकद न तापवलेल्या झाकणापेक्षा जास्तच दिसते. “अहवाल पास आणि माल नापास, असं कसं हो?” हा त्यांचा प्रश्न इतका नेमका आहे, की प्रकल्पाचे उद्दिष्ट वेगळ्या शब्दांत लिहिण्याची गरज वाटत नाही.

पहिला संशय अर्थातच रासायनिक ऱ्हासाचा येतो. उष्णतेने पॉलिमरच्या लांब रेणूंच्या साखळ्या तुटल्या, किंवा मोल्डिंगपूर्वी दाणे नीट न सुकवल्याने पाण्याने त्या तोडल्या, तरी पदार्थ ठिसूळ होतो. परंतु साखळ्या तुटलेल्या पदार्थाचे यील्ड प्रतिबल, म्हणजे ज्या प्रतिबलाला तो कायमचा ताणला जाऊ लागतो ते, वाढण्याचे कारण नाही. इथे ते वाढले आहे, म्हणून आमचा रोख भौतिक वार्धक्याकडे, म्हणजे रासायनिक बदल न होता काळानुसार गुणधर्म बदलण्याकडे आहे.

पॉलिकार्बोनेटचे काचसंक्रमण तापमान, म्हणजे ज्याच्या खाली तो काचेसारखा कडक होतो ते तापमान, सुमारे १४७ अंश आहे. वितळलेला पदार्थ या तापमानाखाली थंड होतो तेव्हा साखळ्यांच्या तुकड्यांना आपापली जागा शोधायला लागणारा वेळ थंड होण्याच्या वेगापुढे अपुरा पडतो, आणि पदार्थ समतोलाला पोहोचण्याआधीच गोठतो. त्याचे आकारमान व ऊर्जा समतोलातील मूल्यापेक्षा किंचित जास्त राहते आणि पुढे महिनोन्‌महिने तो त्या समतोलाकडे हळूहळू सरकत राहतो. शिगोशीग भरलेली धान्याची पायली हलवली की धान्य थोडे खाली बसते, तसेच हे आहे, फक्त इथे हलवणारा हात म्हणजे रेणूंची स्वतःची उष्णतेची हालचाल होय. आकारमानातील घट एक टक्क्याच्याही बरीच खाली असते, पण तेवढ्यावर यांत्रिक गुणधर्म ओळखू न येण्याइतके बदलतात.

९ फेब्रुवारी

वय मोजायचे तर जन्मवेळ निश्चित हवी. म्हणून सर्व नमुने १६५ अंशांना वीस मिनिटे ठेवून त्यांचा आधीचा इतिहास पुसावयाचा आणि बर्फाच्या पाण्यात बुडवून थंड करावयाचे, असे ठरले. नमुना काचसंक्रमण तापमान ओलांडून खाली येतो, तो क्षण वयाचा शून्य मानला आहे. ३ मिलिमीटर जाडीच्या पट्टीत पृष्ठभाग आधी गोठतो आणि गाभा नंतर, त्यामुळे पृष्ठभागात दाब आणि गाभ्यात ताण शिल्लक राहतो, हे लक्षात घेऊन १ मिलिमीटर जाडीच्या पट्ट्यांचाही एक संच केला आहे.

डंबेल नमुने, म्हणजे मध्ये बारीक आणि टोकांना रुंद असे चाचणीचे तुकडे, डायने (कापण्याच्या साच्याने) न ठोकता मिलिंग करून कापले आहेत. डायच्या काठावर सूक्ष्म तडे राहतात, आणि ठिसूळपणाचाच अभ्यास करायचा असताना काठावरचा तडा हा वयाचा परिणाम म्हणून वाचला जाण्याची भीती असते. प्रयोगशाळेतील वरिष्ठ तंत्रज्ञ, ज्यांना सगळे काका म्हणतात, त्यांनी प्रत्येक नमुन्याची कड बारीक सँडपेपरने लांबीच्या दिशेने घासून दिली. आडवे घासणे त्यांना मुळीच मान्य नाही, आणि त्यांचे म्हणणे बरोबर आहे, कारण आडवा ओरखडा ताणाच्या दिशेला काटकोनात येतो व खाचेचे काम करतो.

२० फेब्रुवारी

डीएससीच्या, म्हणजे तापवताना नमुना किती उष्णता शोषतो किंवा सोडतो ते मोजणाऱ्या यंत्रावरच्या, पहिल्या चाचण्या झाल्या. अॅल्युमिनियमच्या लहान पॅनमध्ये सुमारे ८ मिलिग्रॅमचा तुकडा, १० अंश प्रतिमिनिट वेगाने तापवणे, मग थंड करून त्याच वेगाने पुन्हा तापवणे, अशी साधी पद्धत होती. बर्फात थंड केलेल्या ताज्या नमुन्यात काचसंक्रमणाच्या ठिकाणी आलेखाला फक्त एक पायरी दिसते. कारखान्यातून आलेल्या, १२० अंशांना दोन दिवस राहिलेल्या झाकणाच्या तुकड्यात मात्र त्या पायरीच्या डोक्यावर एक टोकदार शिखर उभे राहते. वार्धक्यात पदार्थाने जी ऊर्जा गमावलेली असते, ती काचसंक्रमणातून वर जाताना तो एकदम परत शोषून घेतो, त्याचे हे शिखर. दुसऱ्या वेळी तापवल्यावर ते नाहीसे झाले आणि पायरी ताज्या नमुन्यासारखीच राहिली.

रासायनिक ऱ्हास असा एका तापवण्याने परत फिरत नाही. शिवाय झाकणाचा तुकडा १६५ अंशांना पुनर्जन्म देऊन त्याची पट्टी वाकवली, तेव्हा ती पूर्ण दुमडली आणि तुटली नाही. प्रकल्पाचा पहिला प्रश्न इथे मिटला, असे आम्ही मानतो.

७ मार्च

आज गुरुवार, म्हणजे औद्योगिक वसाहतीची सुट्टी, आणि देखभालीसाठी दिवसा वीज बंद होती. १२० अंशांच्या ओव्हनमधील नमुने काही तास खाली उतरत गेले. तापमानाची नोंद बॅटरीवरील लॉगरने अखंड ठेवल्यामुळे हिशोब करता येतो. पॉलिकार्बोनेटच्या वार्धक्याची सक्रियण ऊर्जा, म्हणजे तापमानासोबत त्याचा वेग किती बदलतो ते ठरवणारा आकडा, सुमारे २०० किलोज्यूल प्रतिमोल धरली, तर ११० अंशांना वार्धक्य १२० अंशांच्या तुलनेत सुमारे ५ पट मंद होते आणि ८० अंशांना सुमारे १००० पट. म्हणजे ओव्हन गार होऊ लागल्यावर पहिला अर्धा-पाऊण तास सोडला, तर उरलेला वेळ वयात जवळपास धरूच नये, असा निष्कर्ष निघतो. नमुने बाद करण्याची गरज नाही, फक्त त्यांच्या प्रभावी वयातून तेवढे तास वजा केले.

धोका खाली उतरण्यात नसून वीज परत आल्यावर नियंत्रकाने ठरलेले तापमान ओलांडण्यात असतो. काच आपला पूर्वेतिहास कसा लक्षात ठेवते, हे ए. जे. कोवाक्स यांनी १९६३ मध्ये पॉलिव्हिनाइल ॲसिटेटवर दाखवलेला प्रयोग आजही थक्क करतो. त्यांनी नमुना कमी तापमानाला अर्धवट म्हातारा केला आणि मग अशा वरच्या तापमानाला नेला, जिथे त्याचे त्या क्षणीचे आकारमान समतोलातल्या आकारमानाइतकेच होते. अशा वेळी काहीच घडू नये, अशी आपली अपेक्षा असते, परंतु आकारमान आधी वाढले आणि मग पुन्हा त्याच मूल्यावर उतरले. एका आकड्याने काचेची अवस्था सांगता येत नाही, याचा इतका स्वच्छ पुरावा दुसरा नाही. आतील काही हालचाली जलद आणि काही अतिमंद असतात. तापमान बदलले की जलद हालचाली नव्या तापमानाशी लगेच जुळवून घेतात, मंद हालचाली मागे राहतात, आणि बाहेरून दिसते ती फक्त त्यांची बेरीज.

आमचा नियंत्रक १२१ अंशांच्या वर गेला नव्हता. लॉगरचा आलेख नोंदवहीत चिकटवला आहे.

१८ मार्च

यूटीएमवर, म्हणजे नमुना ओढून बल मोजणाऱ्या यंत्रावर, तन्यता चाचण्या सुरू झाल्या आहेत आणि या प्रकल्पातील सर्वांत बोलका आलेख आज मिळाला. ताज्या नमुन्याचे यील्ड प्रतिबल सुमारे ६२ मेगापास्कल, तर १२० अंशांना दोन दिवस राहिलेल्याचे त्यापेक्षा साधारण १० टक्क्यांनी अधिक भरले. सुरुवातीचा चढ, म्हणजे स्थितिस्थापकता गुणांक, दोन्हींचा जवळजवळ सारखाच आहे. खरा फरक यील्डच्या नंतर दिसतो. शिखर ओलांडल्यावर प्रतिबल खाली उतरते, ज्याला आम्ही सॉफ्टनिंग म्हणतो, ते ताज्या नमुन्यात माफक असते आणि म्हाताऱ्या नमुन्यात खोल. त्यानंतर नमुन्याला मान पडून ती दोन्ही टोकांकडे पसरू लागते, तेव्हा दोन्ही आलेख एकमेकांवर येऊन बसतात आणि पुढे त्यांत भेद करता येत नाही.

हा भाग डोळ्यांनी पाहण्यासारखा आहे, म्हणून तो सविस्तर लिहितो. नमुन्यावर मार्करने दर २ मिलिमीटरवर रेघा मारल्या होत्या. बराच वेळ काहीच होत नाही, सगळ्या रेघा एकसारख्या किंचित दूर सरकतात. मग एखाद्या ठिकाणी, बहुधा एका खांद्याजवळ, दोन रेघांमधील पट्टी अचानक अरुंद होते आणि यंत्राच्या पडद्यावर बल घसरते. मानेतील रेघा साडेतीन मिलिमीटरच्या आसपास दूर जाऊन तिथेच थांबतात, आणि पुढचा सगळा ताण मानेच्या कडेला असलेल्या, अजून न ताणलेल्या पदार्थाला आत ओढण्यात खर्ची पडतो. मान पारदर्शकच राहते, पांढरी पडत नाही. चाचणी जलद घेतली, तर ती बोटांना कोमट लागते, कारण यील्डसाठी खर्चलेल्या कामाचा मोठा भाग उष्णतेत जातो.

मोठ्या विकृतीला, म्हणजे नमुना बराच ताणला गेल्यावर, दोन्ही आलेख एक का होतात, याचे उत्तर हॉवर्ड आणि थॅकरे यांनी १९६८ मध्ये दिलेल्या मांडणीतून चांगले मिळते. त्यांनी काचरूप पॉलिमरचा प्रतिकार दोन समांतर भागांत वाटला : एक, साखळ्यांच्या तुकड्यांना एकमेकांजवळून सरकायला लावण्याचा अडथळा, आणि दुसरा, गुंतलेल्या साखळ्यांचे जाळे ताणण्याचा रबरासारखा प्रतिकार. वय फक्त पहिल्या भागावर चढते. विकृतीने तो भाग एकदा पूर्ण प्रवाही अवस्थेला नेला, की वयाचा संचय खर्ची पडतो. जाळे मात्र ओव्हनमध्ये बदलत नाही, म्हणून आलेखाचा शेवट बदलत नाही.

झाकणांचा ठिसूळपणाही इथेच सापडतो. सॉफ्टनिंग जितके खोल, तितकी विकृती एका जागी कोंडण्याची प्रवृत्ती तीव्र, कारण जो भाग आधी यील्ड झाला तो शेजाऱ्यापेक्षा मऊ होतो आणि पुढची सगळी विकृती स्वतःकडे ओढून घेतो. सरळ, बारीक नमुन्यात जाळे ती ओढ थांबवते. परंतु स्क्रूच्या टोकदार कोपऱ्यात पदार्थ तिन्ही दिशांनी ताणलेला असतो, त्याला बाजूने आकसायला मोकळीक नसते, आणि यील्ड प्रतिबल वाढल्याने कोपऱ्याच्या पुढे साचणारा हा तिन्ही दिशांचा ताणही वाढतो. तो पदार्थाच्या सोसण्यापलीकडे गेला, की आत पोकळी उघडते आणि तिचा तडा होतो. यील्ड प्रतिबल वाढले म्हणूनच झाकण फुटते. प्रमाणपत्रावरचा मोठा आकडा आणि हातातले तुकडे या एकाच घटनेच्या दोन नोंदी आहेत. ताकदीचा आकडा लिहिताना नमुन्याचे वय न लिहिणे मला यापुढे अपुरे काम वाटेल.

२२ मार्च

वेग बदलून चाचण्या. दशपट वेगाला यील्ड प्रतिबल ३ ते ४ मेगापास्कलने वाढते आणि वेगाच्या लॉगॅरिथमपुढे सरळ रेघ येते, जसे हेन्री आयरिंग यांच्या १९३६ च्या मांडणीवरून अपेक्षित आहे. ताज्या आणि म्हाताऱ्या नमुन्यांच्या रेघा समांतर आहेत. म्हणजे वयाने चढलेला भाग वेगावर अवलंबून नाही, तो सरळ मिळवता येतो.

२ एप्रिल

क्रीपच्या, म्हणजे कायम वजनाखाली हळूहळू होणाऱ्या लांबणीच्या, चाचण्या वातानुकूलित खोलीत हलवल्या आहेत. बाहेर दुपारी ३८ अंश असताना उघड्या दालनात वजने टांगून ठेवलेल्या नमुन्याचा आलेख पदार्थाविषयी कमी आणि दुपारविषयी अधिक सांगतो.

पद्धत एल. सी. ई. स्ट्रुइक यांची, नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथे त्यांनी केलेल्या आणि १९७८ मध्ये एकत्रित मांडलेल्या कामातली. नमुना थंड झाल्यापासून ठराविक वय झाले, की त्यावर अल्प वजन टांगायचे, पण चाचणीचा काळ त्या वयाच्या एक दशांशाहून जास्त होऊ द्यायचा नाही, म्हणजे चाचणी चालू असताना नमुना लक्षणीय म्हातारा होत नाही. मग वजन काढून नमुना सावरू द्यायचा आणि वय वाढल्यावर पुन्हा टांगायचे. १ तास, ३ तास, १० तास, ३० तास, १०० तास अशा वयांचे आलेख लॉग-काळाच्या अक्षावर एकाखाली एक येतात, आणि केवळ आडवे सरकवले तर एकमेकांवर जुळतात. आकार तोच, फक्त घड्याळ मंदावलेले. वय दहापट झाले की घड्याळ किती पट मंदावते, ते सांगणाऱ्या घातांकाला म्यू म्हणतात. स्ट्रुइक यांना अनेक वेगवेगळ्या काचरूप पदार्थांत, काचसंक्रमणाखालच्या मोठ्या तापमानपट्ट्यात, तो १ च्या जवळ आढळला. आमचा १ पेक्षा थोडा कमी आहे.

याचा व्यवहारातील अर्थ प्रकल्पातील विद्यार्थिनीने फळ्यावर मांडला, तेव्हा काकांनीही हातातले काम बाजूला ठेवले. म्यू १ धरला आणि तापमान कायम ठेवले, तर एक दिवसाच्या वयाच्या भागावर दहा वर्षे वजन राहिल्याने जेवढा क्रीप होईल, तेवढा क्रीप त्याचे वय एक दिवसावर थांबवून ठेवता आले असते तर सव्वाआठ दिवसांत झाला असता. दहा वर्षांच्या काळात भाग स्वतःच इतका मंदावत जातो. म्हणून अल्पकालीन आलेख पुढे ओढून दहा वर्षांचा अंदाज केला, तर तो क्रीप प्रचंड जास्त दाखवतो, आणि रचनाकार विनाकारण जाड भिंतीची झाकणे मागतो. वार्धक्याला आपण सरसकट शत्रू मानतो, परंतु कायम वजन सोसणाऱ्या भागाच्या बाजूने तेच उभे असते.

१६ एप्रिल

क्रीपमधील वजन वाढवत नेले, तर म्यू घटतो. जास्त प्रतिबलाखाली नमुना आपले वय विसरल्यासारखा वागतो. स्ट्रुइक यांनी याचा अर्थ असा लावला, की मोठे यांत्रिक प्रतिबल काचेला पुन्हा तरुण करते. ही कल्पना आकर्षक आहे, आणि १८ मार्चचा आलेख पाहणाऱ्याला ती पटतेही. तरीही ती जशीच्या तशी स्वीकारावी असे मला वाटत नाही, म्हणून ही नोंद लांबली आहे.

पदार्थ खरोखर तरुण झाला असेल, तर त्याची सगळीच लक्षणे तरुण नमुन्याशी जुळली पाहिजेत, एक-दोन नव्हे. ग्रेगरी मॅकेना यांनी इपॉक्सीच्या नमुन्यांना पीळ देत असतानाच त्यांचे आकारमान मोजले. पीळ दिला की आकारमानात बदल दिसतो आणि तो ओसरतो, परंतु समतोलाकडे जाणारी मूळ वाटचाल विचलित होत नाही, आणि समतोलाला पोहोचायला लागणारा काळही बदलत नाही. वय खरेच मागे गेले असते, तर तो काळ पुन्हा पहिल्यापासून मोजावा लागला असता.

आमच्याकडे पीळ देताना आकारमान मोजण्याची सोय नाही, पण डीएससी आहे. मानेतून कापलेला तुकडा तापवला, तेव्हा म्हाताऱ्या नमुन्याचे शिखर नाहीसे झालेले दिसले, इथपर्यंत तरुणपणाशी जुळते. मात्र काचसंक्रमणाच्या बरेच खाली, ७०–८० अंशांपासूनच, तुकडा ऊर्जा बाहेर टाकू लागला आणि ते पसरट वळण थेट काचसंक्रमणापर्यंत चालत राहिले. बर्फात थंड केलेल्या ताज्या नमुन्यात असे काही दिसत नाही. विकृत केलेल्या काचेत काम साठून राहते आणि ते तापवताच सुटू लागते. ऊर्जेच्या मापाने पाहिले तर ही काच ताज्या काचेपेक्षाही वर आहे. ती एक वेगळीच अवस्था आहे, आणि तिला तरुण म्हटल्याने तिच्याविषयीचे निम्मे सत्य झाकले जाते.

उरलेल्या मानेची पट्टी १६५ अंशांच्या ओव्हनमध्ये सपाट काचेवर ठेवून दारातून पाहत राहिलो. काचसंक्रमण ओलांडताच ती आखडू लागली, रुंदी परत आली, आणि साडेतीन मिलिमीटर दूर गेलेल्या रेघा पुन्हा जवळपास २ मिलिमीटरवर येऊन थांबल्या. साखळ्या कुठेही सुटलेल्या नव्हत्या, ताणलेले जाळे फक्त काचेत गोठून राहिले होते.

विकृती चालू असतानाचे चित्र मात्र निराळे आहे आणि त्याविषयी मनात शंका नाही. विस्कॉन्सिन विद्यापीठात मार्क एडिगर यांच्या गटाने पीएमएमए या ॲक्रिलिक प्लास्टिकमध्ये विरघळवलेल्या रंगरेणूंचे फिरणे प्रकाशाच्या साहाय्याने मोजून २००९ मध्ये दाखवले, की क्रीपच्या प्रवाहात रेणूंची गती १००० पटीपर्यंत वाढते. ताण असताना काच खरोखर चपळ होते. वाद आहे तो ताण काढल्यानंतर तिला काय म्हणायचे यावर.

६ मे

विकृतीने वय पुसणे व्यवहारात वापरता येते का, हे पाहण्यासाठी दोन प्रयोग केले.

पॉलिकार्बोनेटची गोल कांडी यील्डच्या पुढे पिळून परत उलट पिळली, म्हणजे बाहेरून आकार जवळपास पूर्ववत झाला. मग ती ताणली. शिखर नाही, सॉफ्टनिंग नाही, मान पडली नाही. संपूर्ण कांडी एकसारखी लांबत गेली. नेदरलँड्समधील आइंडहोव्हनच्या संशोधकांच्या गटाने हे यापूर्वीच दाखवले आहे, तरी स्वतःच्या यंत्रावर पाहताना त्याचे महत्त्व वेगळे कळते, कारण एकही रासायनिक घटक न मिसळता पदार्थाच्या तुटण्याची रीत बदललेली असते.

दुसरा प्रयोग पॉलिस्टायरीनवर केला. पॉलिस्टायरीन म्हणजे ठिसूळपणाचा नमुनाच, डिस्पोजेबल चमचा वाकवला की कट्‌कन तुटतो. त्याची पट्टी दोन रुळांमधून दाबून पातळ केली, आणि विद्यार्थिनीने ती लगेच वाकवली तेव्हा तिची दोन्ही टोके एकमेकांना टेकली. “काका, ही पॉलिस्टायरीनच आहे ना?” असे तिने विचारले, तेव्हा काकांनी रुळाजवळ पडलेला उरलेला तुकडा न बोलता तिच्यासमोर तोडून दाखवला. तीच रुळलेली पट्टी दुसऱ्या दिवशी वाकवली आणि ती तुटली.

पॉलिकार्बोनेटची पिळलेली कांडी मात्र आजही मऊ आहे आणि बराच काळ राहील. एक कारण अंतराचे : पॉलिस्टायरीनचे काचसंक्रमण सुमारे १०० अंशांना आहे, म्हणजे मे महिन्यातील आमच्या खोलीपासून जेमतेम ६५ अंश वर, तर पॉलिकार्बोनेटचे ११० अंशांहून अधिक वर. त्यामुळे पॉलिस्टायरीन खोलीतच झपाट्याने वय परत मिळवते. दुसरे कारण जाळ्याचे : पॉलिकार्बोनेटच्या साखळ्या दाट गुंतलेल्या असतात आणि विकृती एका जागी कोंडू लागली, की तिला आवर घालतात. पॉलिस्टायरीनचे जाळे विरळ आहे, म्हणून थोडे जरी सॉफ्टनिंग परतले तरी ते आवरू शकत नाही. विकृतीने दिलेली सवलत किती टिकेल, हे पदार्थाचे काचसंक्रमण ठरवते आणि तिचा किती उपयोग होईल हे जाळे ठरवते. झाकणे पिळून विकणे अर्थातच शक्य नाही, पण कोपऱ्याचा आकार बदलून विकृतीला पसरायला जागा देणे शक्य आहे.

२४ जून

पाऊस सुरू झाल्यापासून खोलीतील आर्द्रता वाढली आहे. पॉलिकार्बोनेट पाणी फारच कमी शोषते, त्यामुळे त्याच्या आकड्यांत फरक नाही. तुलनेसाठी ठेवलेल्या पीएमएमएमध्ये फरक स्पष्ट आहे, कारण ते वजनाच्या सुमारे २ टक्क्यांपर्यंत पाणी घेऊ शकते आणि पाणी साखळ्यांना सैल करते. पीएमएमएची मालिका सिलिका जेलच्या डब्यात बंद केली आहे, पावसाळाभर ती तशीच राहील.

४ जुलै

उद्योजकांना अहवाल दिला. त्यातील मुख्य गोष्ट ओव्हनमधल्या वेळेची आहे. एकमेकांना काटकोनात धरलेल्या दोन पोलरॉइड पट्ट्यांमध्ये झाकण ठेवून पाहिले, तर स्क्रूच्या छिद्रांभोवती रंगीत कडी दिसतात, ती अडकलेल्या प्रतिबलाची खूण. १२० अंशांना दोन तासांत ती कडी बरीच फिकी होतात आणि त्यापुढच्या तासांत फारशी भर पडत नाही. वार्धक्य मात्र पुढेही चालूच राहते. दोन दिवस ओव्हनमध्ये ठेवण्याचे कारण विचारले, तेव्हा ओव्हन दुसऱ्या कामासाठी लागत नाही म्हणून माल तिथेच राहतो, असे कळले. तो दोन तासांनी बाहेर काढावा, कोपऱ्यांची गोलाई वाढवावी, आणि स्वीकृतीसाठी तन्यता चाचणीऐवजी खाच पाडलेल्या नमुन्याची आघात चाचणी ओव्हनमधून निघालेल्या मालावरच घ्यावी, असे सुचवले आहे. प्रत्येक अहवालात नमुना कोणत्या तापमानाला किती वेळ राहिला, हे लिहिण्याची रीत आम्हीही आजपासून सुरू केली आहे.

त्यांनी निघताना विचारलेला प्रश्न या सगळ्यापेक्षा मोठा आहे : “ओव्हनमध्ये ठेवलंच नाही, तर वापरताना म्हातारं होणार नाही ना, सर?” ७ मार्चच्याच हिशोबाने उत्तर काढले. १२० अंशांना दोन दिवसांत येणारे वार्धक्य ६० अंशांना यायला ३०० हून अधिक वर्षे लागतील, त्यामुळे बहुतेक यंत्रांवर चिंता नाही. मात्र ८० अंशांना तेच वार्धक्य साडेपाच वर्षांत येते. जे झाकण तापणाऱ्या गिअरबॉक्सला किंवा हीटरच्या पट्टीला खेटून बसते, ते कारखान्यातून कितीही ताजे निघाले तरी हमीचा काळ संपल्यावर केव्हातरी ठिसूळ होईल, आणि ती वेळ कोणाचा हात आत असण्याची असू शकते. म्हणून पुढच्या आठवड्यात त्यांच्या दोन ग्राहकांकडे जाऊन चालू यंत्रांवरील झाकणांच्या आतल्या बाजूला तापमान मोजणारी थर्मोकपल तार चिकटवून पूर्ण पाळीभर तापमान नोंदवायचे आहे, आणि ज्या जागा ७५ अंशांच्या वर निघतील, त्यांची यादी करून तिथली झाकणे किती वर्षांनी बदलावीत, ते प्रत्येक जागेच्या तापमानावरून स्वतंत्रपणे काढायचे आहे.